तिसरा गाळा

हे नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, कामावर सब-इंजिनियर होते, त्यामुळे आमच्या सौंसरच्या घरात कोणी नुसतं बसत नसे; वजन होऊन बसत असे. हे म्हणजे माझा नवरा, विनायक. पाहुणे आले की माणूस चहापाण्याचं विचारतो. हे आधी बाजेकडे बघत, मग पाहुण्यांकडे, आणि एखाद्या जाडजूड मामांना हळूच खुर्ची पुढे करत. मी पांढुर्ण्याची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जिथे नदीच्या दोन्ही काठांवरून गोटे चालतात त्या गावची मुलगी. जरा खट्ट झालं की दचकायची मला सवय नाही. लग्न झालं तेव्हा वाटलं होतं, काय भित्रा माणूस आपल्या पदरात पडला.

एकदा माझी भाची स्मिता आमच्या बाजेवर उड्या मारत होती. हे आतून धावत आले आणि तिला उचलून खाली ठेवलं. मी म्हटलं, "काल याच बाजेवर चार बाप्ये पत्ते खेळत बसले होते, तेव्हा तुम्ही काही बोलले नाही. ही पोरगी वीस किलोची नाही."

तर म्हणाले, "ते चौघं बसले होते, जयश्री. ही उड्या मारून राहिली. बसलेलं वजन बाजेला कळतं, ती हळूहळू ताणून घेते. उडीचं वजन एकदम येतं, अन् दुपटीनं येतं."

त्यांच्या पुस्तकात पहिल्याला स्थिर भार म्हणतात आणि दुसऱ्याला चालता भार. मी शाळेत चौथीला शिकवते, मला लगेच समजलं. तरी स्मिताला मी पुन्हा बाजेवर चढवलंच, कारण बाज माझ्या माहेरची होती आणि तिच्यावर शंका घेतलेली मला खपत नाही.

ही पंच्याऐंशी सालची गोष्ट. मोहगावच्या पुढे बोरखेडी नावाचं गाव, आणि गावाला लागूनच नाला. नहर त्या नाल्यावरून पलीकडे न्यायचा होता, म्हणून यांचं तिथे पुलाचं काम चालू होतं. माणसांचा पूल नाही, पाण्याचा. सिमेंटची लांबलचक उघडी पेटी समजा, आठ फूट रुंद, चार फूट खोल, उंच खांबांवर ठेवलेली. खालून नाला जाणार, वरून नहर. दोन खांबांमधल्या भागाला गाळा म्हणतात. असे चार गाळे. एका गाळ्यात तीस टन पाणी मावेल, असं हे जेवताना ताटात बोटाने रेघ ओढून मला सांगत. पाणी यांना फार आवडायचं. पाणी शहाणं असतं म्हणायचे. इंच इंच चढतं, सगळीकडे सारखं बसतं, कुठे काही कुरकुरलं तर वरचा दरवाजा पाडायचा, संपलं. त्या पेटीत होडी घातली तरी पुलावरचं वजन वाढत नाही म्हणे, कारण होडी आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. माणसं आणि ढोरं तशी नसतात. ती येतात तेव्हा एकदम येतात. म्हणून या पुलावर रस्ता ठेवलेलाच नव्हता.

चैत्रात तिसऱ्या गाळ्याचं काँक्रीट पडायचं होतं, आणि नेमका तोच दिवस हनुमान जयंतीचा. आदल्या दिवाळीत यांना मुदतीचा ताप आला होता. एकवीस दिवस उतरला नाही. तेव्हा मी जामसांवलीच्या मारुतीला नवस बोलले होते की हे उठले तर जयंतीला आम्ही दोघं जोडीने येऊ. हे म्हणाले, "काँक्रीटच्या दिवशी मी साइटवरून हलू शकत नाही."

मी म्हटलं, "काँक्रीट एक दिवस उशिरा टाका. मारुतीचा जन्म पुढे ढकलता येत नाही. तुमचा गाळा काही पळून जाऊन राहिला नाही."

दोन दिवस मी अबोला धरला. बायकांची ही जुनी युक्ती आहे आणि मी ती वापरली, खोटं कशाला बोलू? शेवटी यांनी नत्थूजी मिस्त्रीला निरोप पाठवला की एक दिवस थांबा, आणि रजेचा अर्ज न देताच माझ्याबरोबर आले.

दुसऱ्या दिवशी आम्ही साइटवर गेलो तर गाळा टाकून झालेला. ठेकेदाराच्या मुनशीने सांगितलं की मिक्सर मशीन दुसऱ्या गावी पाठवायची होती, थांबता येत नव्हतं. वर ओली पोती अंथरलेली, कडा सरळ, दिसायला देखणा. नत्थूजी मिस्त्री म्हणाला, "साहेब, झकास झाला." यांनी दोन ठिकाणी पोतं उचलून पाहिलं, बोटाने दाबलं, मान हलवली. मग रजिस्टरात सही केली की काम माझ्या देखरेखीखाली झालं. सही केली नसती तर वरून पहिला प्रश्न आला असता, तुम्ही होता कुठे?

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमची मूठ पाच महिने झाकलेली होती, आणि आत नुसता घाम. हे जेवताना घास हातात धरून थांबायचे. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा बोरखेडीला जाऊन यायचे, काही काम नसताना. गाळ्याखाली उभं राहून वर बघायचे आणि परत यायचे. पुलात पाणी सोडून बघायचं ते दसऱ्यानंतर ठरलं होतं. इंच इंच सोडणार होते, आणि तेवढा वेळ हे तिसऱ्या गाळ्याखाली बसणार होते. मी म्हटलं, "खाली कायले बसता? काठावर बसून दिसत नाही का?" हे ताटावरून उठून हात धुवायला गेले. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, आणि ती मग गेलीच नाही. वर्गात पाढे म्हणून घेताना मधेच आकडा चुकायचा.

अशा वेळी मी एकच वाक्य म्हणायची. "तुम्ही नव्हते, पण नत्थूजी तर होता ना." हेही म्हणायचे, "हो, नत्थूजी होता." नत्थूजीचा हात चांगला होता, तीस वर्षांचा मिस्त्री. त्या एका वाक्यावर आमचा संसार पाच महिने उभा होता.

पोळा आला. एरवी मी आदल्या दिवशीच माहेरी जाते. त्या वर्षी दोन दिवस झडी लागली होती, आणि यांना असं सोडून जायला मन होईना. पोळ्याच्या सकाळी उघाड पडली. दुपारी हे दाढी करत होते, अर्ध्या गालाला साबण, तेवढ्यात बोरखेडीचा गुणवंता सायकलवरून आला. तरुण शेतकरी, नेहमी यांच्या साइटवर काँक्रीटवर पाणी मारायला माणसं पुरवायचा. दारातूनच म्हणाला, "साहेब, भिवाजी पाटलानं सांगतलं, नाला भरून वाहून राहिला, म्हून यंदाचा पोळा नहराच्या पुलावरून नेऊन राहिलो. तुमी नारळ फोडाले या. तीन वाजता."

निमंत्रण म्हणून सांगत होता बिचारा, चेहरा खुललेला. यांच्या हातातला वस्तरा तसाच राहिला.

गावाची रीत अशी होती. गाव नाल्याच्या अलीकडे, आणि मारुतीचं देऊळ, पोळ्याचं मैदान पलीकडे. दरवर्षी सजवलेल्या बैलजोड्या नाल्यातून पार करायच्या, मारुतीसमोर तोरणाखाली उभ्या करायच्या, पूजा झाली की तोरण तुटतं, पोळा फुटतो आणि बैल घरी येतात. नाला भरला असेल तर उतरेपर्यंत थांबायचे, आणि उतरला नाही तर तसेच घालायचे. तीन वर्षांपूर्वी गुणवंताचाच एक बैल त्या पाण्यात गेला होता. आता पूल झाला, तर गावाला वाटलं, आपली सोय झाली. त्यांचं काय चुकलं? मीही त्या गावची असते तर हेच म्हटलं असतं.

फटफटीवर आम्ही दोघं निघालो. चिखलात फटफटी दोनदा रुतली, पोचेपर्यंत तीन वाजून गेले. मी मागे बसून मारुतीचं नाव घेत होते, आणि मधेच थांबत होते, कारण त्याच्याच दर्शनाला नेऊन मी हे ओढवलं होतं.

नहराच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, सगळं गाव. चाळीसेक जोड्या, अंगावर झुली, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळा. डफडी वाजत होती. खाली नाला गढूळ, खांबांना धडका देत चाललेला. सर्वांत पुढे भिवाजी पाटील, सत्तरीचा माणूस, मानाची जोडी धरून. पुलाचं तोंड त्याच्यापासून दहा पावलांवर. पेटी रिकामी होती, आत मुलांनी आंब्याची पानं टाकून ठेवली होती.

"साहेब, उशीर केला बाप्पा," भिवाजी म्हणाला. "बैल उभे राहून राहून कंटाळले."

"पाटील, यावरून बैल नाही जाणार," हे म्हणाले. "हा पाण्याचा पूल आहे."

"पाणी भारी का बैल भारी?" भिवाजीने शांतपणे विचारलं. "तुमीच मले सांगतलं होतं, एका गाळ्यात तीस टन पाणी. माह्या जोडीचं वजन लय झालं त एक टन. एका गाळ्यात चार जोड्या मावन. झाले चार टन. तीस टन जो उचलन, त्याले चार टन जड?"

लोक हसले. हिशोब चोख होता, आणि हिशोब शिकवणारे हेच.

"पाणी हळूहळू चढतं, पाटील. अजून एक घागरसुद्धा घातली नाही आत."

"बैलही हळूच नेऊ. अन् तुमी नाही म्हणसान त नाही नेत. नाल्यातून घालतो. पोळा काही घरी बसत नाही."

गुणवंता पुढे आला. "नाल्यातून मी नाही घालत. माहा राजा मी डोळ्यानं जाताना पाह्यला. साहेब, पुलावरूनच जाऊ द्या."

हे पाळीवरच्या दगडावर बसले आणि खिशातून पेन्सिल काढली. मी जवळ जाऊन उभी राहिले. चार जोड्या, चार टन. धरणारी माणसं, धरा पाच. चालता भार म्हणून दुप्पट, दहा. तीसांसमोर फक्त दहा. पुन्हा लिहिलं, पुन्हा दहाच आले. डोळे मिटून काही तरी पुटपुटले. मला ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं. नत्थूजी होता.

मग उठून म्हणाले, "एका वेळी पुलावर एकच जोडी. ती पार झाली की दुसरी. बाजा बंद. बाजाच्या तालावर माणसांची पावलं एकदम पडतात, ते पुलाला चालत नाही. अन् बैल वेसणीला धरून, चालत. धावायचं नाही."

"बाजा बंद?" भिवाजीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पोळा हाय का मयत?" पण मग त्याने नाल्याकडे एकदा बघितलं आणि डफडीवाल्यांना हात केला. डफडी थांबली. चाळीस जोड्यांच्या घुंगरांचा तेवढा आवाज राहिला. यांच्या चेहऱ्यावर गुणवंता आल्यापासून पहिल्यांदा थोडा रंग आला. भिवाजीने यांच्या हातात नारळ दिला.

माझं आजोळ शेतकऱ्याचं. लहानपणी मी पोळा पाहिला तो ओट्यावरून नाही, आजोबांच्या बैलांमागे धावत. यांचे वडील पोस्टात, यांनी आयुष्यात गाईला हात लावला नाही. यांच्या कागदावरचे बैल फक्त जात होते. ते परत कसे येणार, हे कागदावर नव्हतंच. पोळा फुटला म्हणजे काय होतं, ते मला माहीत होतं. तोरण तुटताच ज्याला त्याला आपली जोडी पहिली घरी न्यायची असते. दारात बायको आरती घेऊन उभी असते. कासरे सुटतात, शेपट्या पिळतात, सगळ्या जोड्या एकदम उधळतात, आणि सगळे धावतात घराकडे. घर अलीकडे होतं. मधे पूल होता.

"अन् पोळा फुटल्यावर?" मी विचारलं.

बाप्यांच्या मधे बाई बोलली म्हणून दोघांतिघांनी मान वळवली. भिवाजी म्हणाला, "फुटल्यावर काय? घरी येतीन."

"कसे येतील?"

सगळ्यांना माहीत होतं. गुणवंता हळूच म्हणाला, "तवा त्यायले कोण धरन?"

"एकेक करून आणू," कोणीतरी मागून म्हणालं, आणि तिथेच दुसऱ्याने म्हटलं, "तू थांबशीन का आपली जोडी धरून?" पुन्हा हसू झालं, पण थोडंच.

यांच्या हातात नारळ तसाच. पेन्सिल पुन्हा काढली नाही. चाळीस जोड्या, धावत्या, डफडीच्या तालावर, एकामागे एक. त्याचा हिशोब करायला कागद लागत नव्हता.

भिवाजी विचार करत होता. शहाणा माणूस, हट्टी नव्हता. मग तो यांच्यासमोर येऊन उभा राहिला. "साहेब, मी अडाणी. पण जो पूल तीस टनाचा, तो पक्का असन त धावते बैलही झेलन. न झेलायले तो काही मातीचा नाही. मले एवढंच सांगा, पूल पक्का हाय ना? तुमी बांधला, तुमच्या डोळ्यांसमोर झाला. हो म्हणा, मी जोडी घालतो. नाही म्हणा, मी नाल्याकडं वळतो."

यांना हो म्हणता येईना, कारण डोळ्यांसमोर झाला नव्हता. नाही म्हणता येईना, कारण खाली नाला होता, आणि भिवाजी खरोखरच वळला असता. मी वाट पाहिली. मला वाटलं, हे हो म्हणतील. पाच महिने झाकलेली मूठ आता चाळीस जोड्यांवर आणि त्या धरणाऱ्या माणसांवर उघडेल. मला राहवलं नाही.

"तिसरा गाळा यांच्या डोळ्यांसमोर झाला नाही," मी म्हणाले. "त्या दिवशी हनुमान जयंती होती. हे नाही म्हणत होते, मीच हट्टाने यांना जामसांवलीला नेलं. सही यांनी नंतर केली."

यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, पाठीवरचं पोतं उतरवल्यावर माणूस जसा बघतो तसं बघितलं. मग स्वतःच म्हणाले, "खरं आहे. मी नव्हतो. उद्या वर लिहून देतो."

पाळीवर कुजबुज झाली. भिवाजीने कोणाला दोष दिला नाही. जामसांवलीला जाणं हा त्या भागात गुन्हा नाही. त्याने रांगेकडे मान वळवली. "नत्थूजी कुठं गेला? नत्थूजी, तू होता ना?"

नत्थूजी मिस्त्री बोरखेडीचाच. आपली जोडी धरून सातव्या-आठव्या जागी उभा होता. तो पुढे आला नाही. पांढऱ्या मिशा, नवा पटका, नजर बैलाच्या खुराकडे.

"बोल ना."

"मीबी जामसांवलीलेच होतो," नत्थूजी म्हणाला. "साहेबानं एक दिवस थांबाचं सांगतलं, मले वाटलं काम बंद. गेलो. तिथं साहेब अन् बाई रांगेत दिसले. मी नारळवाल्याच्या मागं लपलो. दुसऱ्या दिवशी येऊन पाह्यतो त गाळा झालेला. साहेब आधीच येऊन उभे. मंग मी काय बोलू? मले वाटलं, साहेबानं आपल्याले पाह्यलं नाही, तेच बरं."

कोणीतरी फस्कन हसलं आणि लगेच थांबलं. पाच महिने मी ज्याच्या नावाने हिंमत धरली, तो माझ्यापासून पन्नास पावलांवर नारळांच्या ढिगामागे बसला होता. साहेबाला वाटलं मिस्त्री आहे, मिस्त्रीला वाटलं काम बंद आहे, आणि दोघांनी एकमेकांना विचारायचं टाळलं.

"मंग होतं कोण त्या दिवशी?" भिवाजीने विचारलं.

"आमी होतो."

पंचफुला बोलली. गावातली बाई, नवरा वारलेला, घमेली वाहायच्या कामावर असायची. बाप्या नाही म्हणून स्वतःच आपली जोडी धरून रांगेत शेवटी उभी होती. बैलांना साधीच झूल, पण शिंगं छान रंगवलेली. ती कासरा हातात धरूनच पुढे आली, बैल तिच्या मागे.

"मी, देवकाबाई अन् सात-आठ बाया. अन् मुनशी. जामसांवलीले जाले मिळालं नाही म्हून आमी चिडलो होतो," ती म्हणाली. "सकायी काम चांगलं झालं. दुपारी मशीन बंद पडली. काढलेला माल जमिनीवर पडून राहिला, दोन-अडीच घंटे. उन्हात. कडक झाला. मी मुनशीले म्हटलं, हा माल मेला, फेकून द्या. तो म्हणे, तुले काय समजते. पाणी टाकलं, फावड्यानं पालटला, अन् टाकाले लावला."

"कुठे टाकला?" यांनी विचारलं.

"मधात. तिसऱ्या गाळ्याच्या बरोब्बर मधात. गिट्टी गिट्टी दिसून राहिली होती. मंग वरून सिमेंटचं पाणी मारून चिकनं केलं." तिने कासरा हाताला गुंडाळला. "मी माही जोडी नाही नेत बाप्पा. नाल्यातूनही नाही अन् इथूनही नाही. दोनच बैल हायेत मले."

तिने बैल वळवले. मोठे बैल, पाळ अरुंद, वळायला वेळ लागला. मागची माणसं बाजूला झाली.

"थांब," हे म्हणाले. "जागा दाखव मला."

कोणाचा तरी हातोडा आणि लोखंडी सब्बल आणली. मी म्हटलं, "तुम्ही एकटेच जा, तिला कशाला?" पण पंचफुला आपला कासरा गुणवंताच्या हातात देऊन आधीच पेटीत उतरली होती. दोघं चालत निघाले, ती पुढे, हे चार पावलं मागे. पहिला गाळा. दुसरा. मी त्यांची पावलं मोजत होते. खालचा नाला एवढा मोठ्याने वाहत होता की हे काय बोलत होते ते ऐकू येत नव्हतं. तिसऱ्या गाळ्यात सहा-सात पावलांवर ती थांबली आणि पायाने दाखवलं. हे गुडघ्यांवर बसले. पेटीच्या भिंतीआड मला फक्त यांचं डोकं दिसत होतं.

हातोड्याचा आवाज आला. टण्, टण्, थोडा पुढे सरकून टण्, आणि मग भद्. पुन्हा भद्. पाळीवरचे सगळे ऐकत होते. गवंडी नसलेल्यालाही तो फरक कळला. आपण सगळे मडकी वाजवून घेणारी माणसं. मग सब्बलीचे तीन-चार घाव, आणि यांचं डोकं खाली गेलं ते बराच वेळ वर आलं नाही. मी ओरडणार होते. तेवढ्यात हे उठले.

परत आले तेव्हा हातात मुठीएवढं ढेकूळ होतं. भिवाजीसमोर धरून यांनी ते बोटांनी दाबलं, आणि गिट्टीचे खडे वेगळे झाले, वाळू वेगळी झाली. खाली पडली. भिवाजीने ती पायाने सारखी केली.

"पाण्यानं गेला असता?" त्याने विचारलं.

"पाण्यानं नक्की. बैलांनी, माहीत नाही," हे म्हणाले. "मला खरंच माहीत नाही, पाटील."

भिवाजीने नारळ यांच्या हातातून परत घेतला. नाल्याकडे बघितलं, पलीकडच्या देवळाकडे बघून हात जोडले, आणि रांगेकडे वळून म्हणाला, "यंदाचा पोळा इकडंच. पाळीच्या खाली तोरण बांधा. मारोतीले इथूनच दिसते." दोघंचौघं कुरकुरले. एकजण तर म्हणाला, असं कधी झालं नाही. पण पंचफुलाची जोडी वळलेली सगळ्यांनी पाहिली होती. थोड्या वेळाने डफडी सुरू झाली.

हे पाळीवर बसून रुमालात तो चुरा बांधत होते. गाठ बसत नव्हती. मी गाठ मारून दिली. पुढे काय होणार ते दोघांनाही माहीत होतं; नोकरीवर गदा येणार, चौकशी होणार. ती पुढे झालीच, आणि हे सहा महिने घरी बसले. पण त्या क्षणी मला रडू येत होतं ते सुटल्यासारखं. कोणी मेलं नव्हतं. मनात म्हटलं, चुकले मी, पण वेळेवर बोलले तरी.

पंचफुला एका बाजूला आपल्या बैलांची झूल सारखी करत होती. तिचे आभार मानायला म्हणून मी गेले. आणि सवय वाईट, आभारांच्या आधी शाळेतला सूर लागला. "पंचफुला, दुसऱ्याच दिवशी आम्ही इथं आलो होतो. तेव्हाच काहून नाही सांगितलं तू? पाच महिने गप्प राहिली."

तिने झुलीची गाठ पक्की केली. मग म्हणाली, "सांगाले आलीच होती, बाई. साहेब मुनशीसंग होते, म्हून तुमच्यापाशी आली. तुमच्या हातात प्रसादाचा डबा होता. मी म्हटलं, बाई, एक गोष्ट हाय. तुमी माह्या हातावर पेढा ठेवला अन् म्हटलं, कामाचं असन त मिस्त्रीले सांग, आधी तोंड गोड कर." बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "मंग मी पेढा खाल्ला अन् कामाले लागली."

मला डबा आठवला, पेढे आठवले, कोणाकोणाला दिले तेही आठवलं. ती काही सांगायला आली होती, हे मात्र मला आठवेना.